वडापचा टेप

आमच्या भागात गाडीला मालकाच्या नावानं कुणी ओळखत नाही. आटपाडीच्या स्टँडाबाहेर चार-पाच वडाप जीपा एकामागं एक उभ्या असत. त्यांची नावं ठरलेली: पांढरी, फुटक्या काचंची, फौजीची, आणि टेपवाली. आमची जीप दोन वर्षं नुसती 'पांढरी' होती. ती 'टेपवाली' झाली ती माझ्या हट्टापायी. त्या हट्टाची किंमत किती, हे मला एका पहाटे कळलं.

वडाप म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागंल. एसटी दिवसातनं दोनदा यायची, तीही आली तर. मग मधल्या वेळेला माणसं, दुधाच्या किटल्या, कोंबड्या आणि डाळिंबाची क्रेटं जी गाडी वाहून न्यायची ती वडाप. कागदावर नऊ-दहा माणसांची जीप, पण पाठीमागच्या फळीवर लोंबकळणारे धरून सोळा-सतरा सहज भरत. आण्णांनी 1995 साली कर्ज काढून जुनी महिंद्रा कमांडर घेतली. कोरडवाहू आठ एकर होतं, पण माणदेशात आठ एकर म्हणजे पाऊस आला तर शेत, नाहीतर माळ. म्हणून जीप. महिन्याच्या महिन्याला हप्ता. आण्णा स्टेअरिंगवर आणि मी सुट्टीत पाठीमागं लटकून "विटाऽ, विटाऽ, भिवघाट, विटाऽ" ओरडायला.

हप्त्याचं गणित सोपं होतं. गाडी भरली तर हप्ता. आणि गाडी लवकर भरायची तर कॉलेजची पोरं पाहिजेत, कारण ती रोजची. ती पोरं फौजीच्या जीपमध्ये बसत, कारण तिच्यात टेप होता. आमच्या मोकळ्या जीपकडं बघायचीसुद्धा नाहीत.

मी आण्णांना म्हटलं, "टेप बसवू."

आण्णा म्हणाले, "लोकं गावाला जायाला बसत्यात, गाणी ऐकाया न्हाय."

"पोरं ऐकाया बसत्यात."

त्यावर आण्णा काही बोलले नाहीत. न बोलणं हा त्यांचा अर्धा होकार असायचा.

टेप आला मामाकडनं. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यावर उभी आहेत. सोनं-चांदी गाळायचं काम घेऊन आमची माणसं देशभर पांगलेली. मामा कोईमतूरला. 1997 च्या दिवाळीला तो गावी आला तेव्हा त्याच्या पिशवीत गाडीचा एक जुना कॅसेट प्लेअर होता. एक बटण तुटलेलं, बाकी चालू. "घे जा," म्हणाला. फुकटात अर्धं काम झालं असं मला वाटलं. पुढं कळलं, टेप हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग असतो.

आईनं एक बोकड विकून अकराशे दिले. दुधाच्या पैशातले चारशे वर घातले. पंधराशे रुपये घेऊन मी विट्याला गेलो. दुकानात चकाचक खोकी मांडलेली. एका अॅम्प्लिफायरच्या खोक्यावर '200 वॅट' असं बोटभर उंचीच्या आकड्यात छापलेलं. दोनशे वॅट म्हणजे किती, हे मला ठाऊक नव्हतं. फौजीच्या टेपपेक्षा जास्त, एवढं कळत होतं. अॅम्प्लिफायर साडेसहाशे, लांबट गोल स्पीकरची जोडी चारशे ऐंशी, वायर नव्वद, बसवणाऱ्या पोराची मजुरी एकशेतीस आणि उरलेल्या दीडशेच्या कॅसेटी. हिशेब एका रुपयाचा चुकला नाही. चुकलं ते सगळं त्या हिशेबाच्या बाहेर होतं.

त्या पोरानं स्पीकर हूडच्या पाइपाला बायंडिंगच्या तारेनं लटकवले. वायर कुठनं कशी गेली हे मी बघितलं नाही. बटण दाबलं आणि आवाज आला, तेवढ्यावर मी खूश. दुसऱ्या दिवशी कॉलेजची पोरं आली. आठवड्यात आमची जीप 'टेपवाली' झाली. गाडी भरायला पाऊण तास लागायचा, तो वीस मिनिटांवर आला. आण्णा पैसे मोजताना तोंडानं काही बोलायचे नाहीत, पण मोजायचे दोनदा.

आवाज मात्र वाईट होता. आज मी ते कबूल करतो, तेव्हा केलं नसतं. उंच सूर कानात टाचणीसारखे घुसायचे आणि ढोलकी तर कुठं गायबच व्हायची. इंजिन, हूडची फडफड, फाटकाची खडखड, त्यात माणसांचा गलका. मग मी आवाज वाढवायचो. गाडीचा वेग वाढला की स्पीकरातनं 'कूंऽऽ' असा एक बारीक सूर निघायचा, अॅक्सिलरेटरबरोबर चढायचा आणि उतरायचा. पोरं म्हणायची, गाडी बी गाती.

आण्णांची एकच मागणी होती. परतीच्या शेवटच्या फेरीला गाडी रिकामी असली की त्यांना गीतरामायण लागायचं. 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेली ती गाणी त्यांनी पोरवयात पाटलाच्या वाड्यासमोर उभं राहून रेडिओवर ऐकली होती. आणि गदिमा म्हणजे आमच्याच तालुक्यातले. जन्म शेटफळ्याचा, गाव माडगुळं. आण्णा बाहेरच्या प्रवाशाला माडगुळ्याची दिशा बोटानं दाखवायचे, जणू काही त्यांचा चुलत भाऊच तिथं राहतो. छप्पन्न गाण्यांपैकी आमच्याकडं दोन कॅसेटीत मावतील तेवढीच होती. ते कान देऊन ऐकायचे आणि थोड्या वेळानं म्हणायचे, "बंद कर. सूर येतोय, बोल कळत न्हाय. बोलाबिगर त्याच्यात हाय काय?"

मी आवाज वाढवायचो. ते हातानंच 'राहू दे' म्हणायचे.

माघात चुलतभावाची हळद होती. आमची जीप मांडवापुढं लावली, फाटक उघडं टाकलं आणि टेप सुरू केला. इंजिन बंद, टेप चालू. लाइट गेलेली होती, त्यामुळं गावात आवाज फक्त आमचा. पोरं नाचत होती. कुणीतरी म्हणालं, "वाढीव." मी वाढवला. पहाटे तीनपर्यंत वाजला. शेवटी शेवटी गाणं जरा जडावल्यासारखं, ओढल्यासारखं वाटायला लागलं. मला वाटलं कॅसेट घासली असंल. मी कॅसेट बदलली.

पाचच्या सुमाराला थोरली आई म्हशीला वैरण काढायला कडब्याच्या गंजीकडं गेली. थोरली आई म्हणजे माझी मोठी चुलती. अंधारात पेंडी ओढली आणि पायाला फुरसं चावलं. तिनं आरडाओरडा केला नाही. चालत मांडवात आली, खाली बसली आणि म्हणाली, "मला कायतरी चावलं. गाडी काडा."

आण्णांनी चावी फिरवली. 'कट्' असा एक आवाज झाला. परत फिरवली. परत 'कट्'. समोरचे दिवे चुलीतल्या निखाऱ्यागत लाल झाले आणि विझले.

मी तिथंच उभा होतो. माझ्या हातात अजून कॅसेटीचं खोकं होतं.

मग सगळी धावली. हळदीला आलेले पाव्हणे, वाजंत्री, आचारी, जो असंल तो. जीप मांडवापुढं चिखलात रुतलेली, पुढं चढ. आधी ती मागं ढकलत मारुतीच्या देवळापर्यंत न्यायची, तिथनं वळवायची, मग ओढ्याच्या उताराला लावायची. थोरली आई आत बसलेली, पाय खाली सोडून. आण्णांनी उताराला दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. पहिल्यांदा गाडी नुसती हिसकली. दुसऱ्यांदा ओढ्याच्या अगदी तोंडाशी इंजिन धरलं. किती वेळ गेला? कुणी वीस मिनिटं म्हणतं, कुणी अर्धा तास. मला विचाराल तर ती वेळ अजून संपलेली नाही.

आटपाडीच्या दवाखान्यात इंजेक्शनं दिली आणि पुढं मिरजेला हलवायला सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "चावून किती वेळ झाला?" आण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. तेवढंच मला पुरलं.

थोरली आई नऊ दिवस मिरजेत होती. पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यातनं रक्त. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. डबा पोहोचवायचं काम माझ्याकडं होतं. दुपारी दवाखान्यात थांबू देत नसत, म्हणून मी गावात हिंडायचो. असाच एकदा सतारमेकर गल्लीत शिरलो.

मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, हे मी शाळेत ऐकलं होतं. बघितलं पहिल्यांदा. दुकानांच्या माळ्यावर वाळलेले भोपळे टांगलेले, एकेक घागरीएवढा. ते पंढरपूरच्या बाजूनं येतात. शेतकरी ते खाण्यासाठी पिकवत नाहीत, वाद्यासाठीच राखतात. एक म्हातारे कारागीर भोपळ्याला बोटानं टिचकी मारत होते, कान लावत होते. मी उंबऱ्याशी रेंगाळलेला बघून म्हणाले, "काय पाहिजे?"

मी म्हटलं, "काय नाही. मोठा भोपळा म्हणजे मोठा आवाज का?"

ते हसले. एक नुसती तार खुंटीला ताणलेली होती, ती त्यांनी छेडली. डास गुणगुणल्यागत आवाज आला. मग शेजारच्या तंबोऱ्याची तार छेडली. सगळी खोली भरली. "तार तीच," म्हणाले. "आवाज तारेत नसतो, पोकळीत असतो. पोकळी बंद पाहिजे, सांधा पक्का पाहिजे. फट राहिली की आवाज गेला."

मला हूडला तारेनं लटकवलेले माझे स्पीकर आठवले. टाकलेल्या दोन कावळ्यांसारखे.

घरी आलो तर जीपमध्ये टेप नव्हता. आण्णांनी सगळं काढून, धोतराच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं होतं. मला एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नवी बॅटरी उधारीवर आणावी लागली. कॉलेजची पोरं परत फौजीच्या जीपमध्ये गेली.

महिना-दीड महिन्यानं थोरली आई काठी टेकत अंगणात फिरायला लागली. त्या संध्याकाळी आण्णांनी ट्रंक उघडली, फडकं माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "बसीव. पर गाडी हुबी आसताना वाजला न्हाय पायजे. तशी यवस्था आसंल तर बसीव, न्हायतर इक."

माझ्याकडं तीनशे चाळीस रुपये होते. या खेपेला मी विट्याच्या चकाचक दुकानात गेलो नाही. आटपाडीत एक रेडिओमिस्त्री होते, चष्म्याला दोरा बांधलेले. त्यांच्यापुढं सगळं मांडलं. पहाटेची गोष्टही सांगितली. त्यांनी अॅम्प्लिफायर उघडला, आत बघितलं आणि खोक्यावरचा आकडा वाचून म्हणाले, "दोनशे वॅट? बारा व्होल्टाच्या बॅटरीत चार ओहमच्या स्पीकरला साधा टेप पाच-सहा वॅट देतो. ह्यो बापडा वीसेक दील. बाकीचं छापणाऱ्याचं."

"मग मी फसलो?"

"वीस वॅट लय झालं. घरातल्या रेडिओला दोन आसत्यात आन् गल्ली ऐकती. आदी खडखड काढ, मग आवाज वाढीव."

मग त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. डिझेलचं इंजिन फिरवायला स्टार्टरला एका झटक्यात दोनशेच्या वर अँपिअर लागतात. माझा अॅम्प्लिफायर मोठ्या आवाजात चार-पाच अँपिअर खात होता. एका तासाला काहीच नाही. पण सात-आठ तास, इंजिन बंद, आणि बॅटरी आधीच तीन वर्षांची. "तू थेंब थेंब पानी काडलंस," ते म्हणाले, "आन् सकाळी हिरीत पोहरा आपाटला."

पुढचे चार दिवस मी त्यांच्या हाताखाली होतो. त्यात जे शिकलो ते निम्मं फुकटचं होतं.

पहिलं काम टेपच्या हेडचं. काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला आणि हेडवरनं फिरवला. कापूस काळाकुट्ट निघाला. माणदेशाची धूळ आणि कॅसेटीची भुकटी. दहा रुपयांच्या स्पिरिटात उंच सुरांवरची गोधडी निघाली.

दुसरं, टॉर्चमधला सेल. दीड व्होल्टाचा सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. कागद बाहेर उचलला तर जिथं सेलचा 'अधिक' टेकलाय ते टोक 'अधिक'. बघतो तर माझा एक स्पीकर उलटा जोडलेला. एक बाहेर ढकलतोय तेव्हा दुसरा आत ओढतोय, एका नांगराला दोन दिशेला तोंडं केलेले बैल. ढोलकी गायब व्हायची त्याचं एक कारण हे. वायर उलटी केली. खर्च शून्य.

तिसरं, ती 'कूं'. आधीच्या पोरानं अर्थिंग रंगावरच स्क्रू मारून घेतली होती आणि प्लसची वायर इंजिनच्या जुडग्यातनं ओढली होती. मिस्त्रींनी चेसिसवर रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासली आणि टेपची, अॅम्प्लिफायरची अर्थिंग तिथं एकाच बोल्टला आवळली. प्लसची जाड वायर थेट बॅटरीवरनं घेतली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज टाकला. "फ्यूज टेपसाठी नसतो," ते म्हणाले, "वायर कुठं घासली तर गाडी जळू नये म्हणून आसतो." आणि टेप व अॅम्प्लिफायर चालू करणाऱ्या बारीक वायरी चावीच्या स्विचमागं जोडल्या. चावी काढली की सगळं मुकं. आण्णांची अट पाळली गेली.

चौथं काम मिरजेचं. सुताराकडनं जाड प्लायवूडचे तुकडे साठ रुपयांत घेतले. सीटखाली बसतील अशा दोन पेट्या केल्या. सांध्यात फेविकॉलमध्ये भुसा कालवून भरला, आत जुन्या गादीचा कापूस. स्पीकरच्या पाठीमागचा आवाज पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो, म्हणून त्याला कोंडायचं, हे मिस्त्रींनी सांगितलं. मला ते आधीच पटलेलं होतं. टिचकी मारली, कान लावला, फट नव्हती.

शेवटचं काम खडखडीचं. पंक्चरवाल्याकडनं फुटक्या ट्यूबा आणल्या, पट्ट्या कापल्या आणि पत्रा जिथं पत्र्याला लागतो तिथं तिथं घातल्या. फाटकाला, हूडच्या बोल्टला, सीटखाली. पायाखालच्या पत्र्यावर डांबर फासून बारदान चिकटवलं. दोन दिवस गाडीत वास राहिला, पण पत्र्याची थाळी वाजायची बंद झाली.

मिस्त्रींनी शंभर रुपये घेतले. फ्यूज, वायर, प्लायवूड, फेविकॉल, स्पिरिट धरून एकूण तीनशे वीस. वीस रुपयांची भजी खाल्ली.

पहिल्या फेरीला थोरली आई मिरजेला पाय दाखवायला निघाली होती. तिला पुढं बसवलं. आण्णांनी गीतरामायणाची कॅसेट घातली. मी मागनं बघत होतो. टेपचा आवाज पूर्वीच्या निम्मा होता. आण्णांनी वाढवायला हात नेला, थांबले आणि हात परत स्टेअरिंगवर ठेवला. भिवघाटापर्यंत कुणी बोललं नाही. मागची माणसंसुद्धा बोलायची थांबली होती. थोरली आई म्हणाली, "आता बोल कळत्यात." आण्णांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांनी 'बंद कर' म्हटलं नाही.

कॉलेजची पोरं परत आली. हप्ते फिटले. 2006 साली जीप विकली. टेप विकला नाही.

आता माझ्याकडं जुनी मारुती आहे आणि माझा मुलगा कॉलेजात. गेल्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "बाबा, आठ हजारांत गाडीत मोठा वूफर बसतोय, घेऊ या?" आम्ही ओट्यावर बसलो होतो. थोरली आई शेजारी बाजल्यावर पडलेली. पंच्याऐंशी वर्षं, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली आहे. मी मुलाला ही सगळी गोष्ट सांगितली. बोकड, दोनशे वॅट, हळद, बॅटरी. आणि जे इतक्या वर्षांत घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं तेही बोललो: गाडी माझ्यामुळं बंद पडली होती, आणि थोरल्या आईला ते कधी कळलं नाही.

बाजल्यावरनं आवाज आला, "मला ठावं हाय की."

मी गप्प.

"ढकलताना समदी बोंबलत हुती, टेपानं बॅटरी खाल्ली म्हणून. मला पायाला चावलं हुतं बाबा, कानाला न्हाय."

मग तिनं कूस बदलली आणि म्हणाली, "पोराला घिऊ दे त्येला काय घ्याचं ते. फकस्त गाडी चालू ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा मारुतीच्या दाराचे स्क्रू काढून बसला होता. त्याच्या हातात भिंतीवरच्या घड्याळातला सेल होता. डाव्या दाराचा स्पीकर उलटा जोडलेला निघाला.